मागून आवाज येतोय : जुन्या मियाटाचं निदान घरच्या गॅरेजात

माझदाच्या मियाटा या छोट्या उघड्या गाडीत बसल्यावर तुमची पाठ आणि मागचा एक्सल यांच्यात जेमतेम हातभर अंतर असतं. मध्ये एक पत्रा, पातळ कार्पेट आणि पेट्रोलची टाकी. डोक्यावर कापडी टप. त्यामुळे या गाडीतला जवळपास प्रत्येक आवाज मागून आल्यासारखाच वाटतो, मग तो गिअरबॉक्सचा असो, दाराचा असो नाहीतर डिकीत सुटलेल्या जॅकचा. माझी १९९२ची गाडी घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी मागचं एक बेअरिंग बदललं, दोन शनिवार घालवले, बोटं सोलून घेतली. आवाज होता तसाच राहिला. तो टायरचा होता.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सांगलीला फोन करून त्यांना सगळं रडगाणं सांगितलं, तर म्हणाले, "अरे, कुठनं येतोय ते नंतर बघ. कधी येतोय ते सांग की आधी." या लेखात जे काही आहे ते त्या एका वाक्याचा विस्तार आहे. कान जागा सांगताना हमखास चुकतात, वेळ सांगताना सहसा चुकत नाहीत.

लेख माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे. पहिली, उघडमीट करणाऱ्या दिव्यांची, १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली आणि १९९७पर्यंत चालली. दुसरी १९९८ ते २००५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये पहिली पिढी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझदाने ही गाडी भारतात कधी आणली नाही, त्यामुळे मराठी घरात ती दिसते ती बहुतेक मिशिगन, इंग्लंड नाहीतर जपानमध्ये. इकडे मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढे जिथे जिथे गंजाची गोष्ट येईल तिथे ते मीठ लक्षात ठेवा.

पालखी आणि चार भोई

आवाज कुठून कुठे जातो हे कळायला आधी रचना डोळ्यांसमोर हवी. इंजिन पुढे, त्याला जोडलेला गिअरबॉक्स, मग फिरणं मागे नेणारा एकसंध प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल, म्हणजे ते फिरणं मागच्या दोन चाकांत वाटून देणारा गिअरचा डबा. मियाटाची खुबी अशी की गिअरबॉक्सच्या शेपटापासून डिफरन्शियलच्या तोंडापर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब, कडक चौकट बोल्टांनी आवळलेली असते. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात, पुढे मी नुसतं 'फ्रेम' म्हणेन. तिच्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून एकच लांब दांडा होतो. हा दांडा गाडीवर फक्त चार ठिकाणी टेकतो : पुढे इंजिनची दोन माउंटिंग, मागे डिफरन्शियलच्या दोन हातांमधले दोन जाड रबरी बुश. गिअरबॉक्सखाली वेगळं माउंटिंग नाहीच.

पालखीच समजा. पुढे दोन भोई, मागे दोन. मागचा एक भोई लंगडला तर हिसका पुढच्याच्या खांद्यालाही बसतो. त्यामुळे डिफरन्शियलचा बुश फाटला की गिअरचा दांडा हलतो, आणि गिअरबॉक्समधली गुणगुण फ्रेममधून थेट तुमच्या कमरेमागे येते. 'मागून येतोय म्हणजे मागचंच काहीतरी' हे अनुमान या गाडीत सगळ्यात महागात पडतं.

चाकांकडे जाणारे दोन हाफशाफ्ट, प्रत्येकाला आत-बाहेर एकेक सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातही एकसारखा फिरणारा सांधा. सस्पेन्शन चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन हातांनी धरलेलं. पुढच्यासारखे बॉल जॉइंट मागे नाहीत, मागचे सांधे रबरी बुशांवर चालतात. तीस वर्षांत त्या रबराचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आधी डिकी रिकामी करा

हसू नका. या गाडीची बॅटरीसुद्धा डिकीत असते, उजव्या बाजूला. तिची पट्टी सैल असेल तर खड्ड्यात गेल्यावर जो 'धप्' येतो तो शॉकअप गेल्याच्या आवाजाइतका हुबेहूब असतो. स्टेपनी, जॅक, पाना, मागच्या मालकाने ठेवलेली तेलाची बाटली, सगळं बाहेर काढा. बॅटरी हाताने हलवून पट्टी आवळा. सायलेन्सर हाताने (थंड असताना!) चारी दिशांना हलवून बघा, तो कुठे टेकतोय का, त्याचे रबरी हँगर ताणलेत का. वरच्या उष्णतारोधक पत्र्यावर बोटाने टिचकी मारा, गंजून सुटला असेल तर तो लगेच खुळखुळतो. मग टप उघडून एक फेरी मारा आणि बंद करून दुसरी. टपाच्या कड्या आणि दारांच्या कुलपाशी असलेले झिजलेले बुश हे या गाडीतले पक्के बहुरूपी आहेत.

एवढ्यावरच काहींचा आवाज जातो. ज्यांचा गेला नाही त्यांनी पुढे वाचावं.

रस्त्यावरचे पाच प्रश्न

सपाट, रिकामा, माहितीतला रस्ता निवडा. सोबत कुणाला तरी घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण तेच करतील आणि बाजूला लक्षही ठेवतील. पाच गोष्टी एकेक करून बदलायच्या, एका वेळी एकच.

पहिला प्रश्न वेगाचा. आवाज ज्या वेगाला ठळक आहे तिथे जा, समजा ताशी ९० किलोमीटर. पाचव्यात ऐका, मग क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपसूक धावू द्या. इंजिन खाली बसलं तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच यादीतून बाद. आवाज इंजिनबरोबर पडला तर तुम्ही मागे शोधण्यात अर्थ नाही.

इथे एक बारकावा. पाच गिअरच्या गाडीत चौथा गिअर थेट असतो, इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. त्यामुळे इंजिनाची थरथर आणि शाफ्टची थरथर चौथ्यात वेगळी काढता येत नाही. पाचव्यात येते. उलट, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या आणि पाचव्यात येणारी घरघर चौथ्यात जवळजवळ नाहीशी होत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या खालच्या शाफ्टच्या बेअरिंगांवर घ्यावा, कारण थेट गिअरमध्ये त्या शाफ्टवर भारच नसतो.

दुसरा प्रश्न भाराचा. त्याच वेगाला ॲक्सिलरेटर किंचित दाबा, मग अगदी सोडा, मग वेग ना वाढेल ना घटेल असा तोलून धरा. या तिन्हींत सूर बदलत असेल तर बोट डिफरन्शियलकडे जातं. चाकाच्या बेअरिंगला आणि टायरला तुम्ही पाय दाबलाय की सोडलाय याने फारसा फरक पडत नाही.

तिसरा, वळणाचा. एकाच वेगात हलकेच डावी-उजवीकडे लांब झोके घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. डावीकडे वळताना घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर पहिला संशय उजव्या बेअरिंगवर.

चौथा, रस्त्याचा. खडबडीत काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर जा. टायरचा आवाज तत्क्षणी बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. हे मला आधी सुचलं असतं तर ते दोन शनिवार वाचले असते.

पाचवा, खड्ड्याचा. ताशी २० ला गतिरोधकावरून सरळ जा, मग फक्त एका बाजूची चाकं चढवून जा. दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज नाही आणि एकच चढलं की 'खडक', तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक बघा. त्या तेव्हाच काम करतात जेव्हा दोन चाकं वेगवेगळी हलतात. मग हातब्रेक किंचित ओढून तोच गतिरोधक घ्या. खडखड थांबली तर ती ब्रेक पॅडची नाहीतर कॅलिपरच्या सुकलेल्या पिनांची.

उत्तरं कागदावर लिहा. मी जुन्या पावतीच्या मागे लिहितो, पण लिहितो. घरी आल्यावर आठवणीत आवाज बदलतो.

थोडं गणित, थोडी पेटी

फोनवर आवाजाची वारंवारिता दाखवणारी फुकट ॲप मिळतात. ती हाताशी असतील तर निदान कितीतरी नेमकं होतं, पण आधी कुठला भाग किती फिरतो हे काढावं लागतं.

पहिल्या गाड्यांना १८५/६० आर१४ मापाचे टायर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि या टायरचा एक फेरा साधारण पावणेदोन मीटरच्या थोडा वर. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं. १.६ लिटरच्या गाडीत डिफरन्शियलचं प्रमाण ४.३, म्हणून प्रोपेलर शाफ्ट १४ गुणिले ४.३, सेकंदाला साधारण ६० फेरे. डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला, म्हणजे क्राउनला, ४३ दाते, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. दात दातावर आदळण्याची गती १४ गुणिले ४३, म्हणजे सहाशे हर्ट्झच्या आसपास.

आता तीन आकडे हातात आले. १४ हर्ट्झ कानाला ऐकू येत नाही, ती थरथर सीटला आणि स्टिअरिंगला जाणवते : टायर, रिम, वाकडं चाक, क्वचित हब (चाक ज्यावर बसतं तो भाग). ६० हर्ट्झ म्हणजे खर्जातला गुंजारव, जो छातीत जाणवतो : प्रोपेलर शाफ्टचा तोल. त्याच्या दुप्पट, १२० हर्ट्झ दिसला तर शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कारण त्यांच्यातला अधिक-चिन्हासारखा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो. आणि ६००च्या जवळ एकच टोकदार रेघ दिसली तर क्राउन-पिनियन. पेटीवर वाजवून बघायचं तर तार सप्तकातली पांढरी दोन, अगदी किंचित चढी. बेअरिंगची रेघ अशी सुरेल नसते, ती पसरट, खरखरीत असते.

पहिल्या पिढीच्या १.८ लिटरच्या पाच-गिअर गाडीत प्रमाण बहुधा ४.१, मग ६०० ऐवजी ५७४. दुसऱ्या मापाचे टायर असतील तर फेरा स्वतः मोजा : टायरवर खडूची खूण करा, गाडी ढकला, जमिनीवर टेप लावा. वेग स्पीडोमीटरवर नव्हे, फोनच्या जीपीएसवर बघा.

गाडी उचलताना

एक गोष्ट ठळकपणे. या गाडीत हातब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. जॅक मागे डिफरन्शियलच्या ओतीव भागाखाली मध्ये लावता येतो, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) दाराखालच्या उंबऱ्याच्या ठरलेल्या जागी. फ्रेमखाली जॅक कधीही लावायचा नाही, ती वाकली की तोल गेलाच. मिठाच्या मुलखातली गाडी असेल तर मागच्या चाकापुढचा उंबरा आधी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, तिथला पत्रा आतून कुजलेला असतो आणि घोडी वर जाते, गाडी खाली येते. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला एक दणदणीत धक्का देऊन बघा. पडायची असेल तर तुम्ही खाली नसताना पडू दे.

घोड्यांवर ठेवून गाडी गिअरमध्ये पळवून ऐकायचा मोह होईल. टाळा. धोका आहेच, शिवाय चाकं लोंबकळत असताना सीव्ही जॉइंट अशा कोनात जातात की रस्त्यावर नसलेले आवाज तिथे करतात. तुम्ही वर्षभर नसलेला दोष शोधत बसाल.

हाताने तपासायचं ते असं. गिअर न्यूट्रल, हातब्रेक सोडलेला. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. दोन्हीकडे सारखाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बेअरिंग, एकाच दिशेला असेल तर बुश. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी किरकिर बोटांना कळते, कानाला कळायच्या कितीतरी आधी. ही युक्ती फुकट आहे आणि स्टेथोस्कोपपेक्षा माझा हिच्यावर विश्वास जास्त.

स्प्रिंगचं शेवटचं वेटोळंही पाहून घ्या. गंजून तुटलेला तुकडा खालच्या वाटीत बसून राहतो आणि वळताना 'टणण' वाजतो.

खटका

मियाटावाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला, गिअर बदलला, की मागून 'ठक्'. इथे घाई न करता थांबू, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

थोडा खटका असणारच. गिअरचे दाते, क्रॉस, क्राउन-पिनियन, सीव्ही जॉइंट, प्रत्येकात थोडी फट असते आणि त्या सगळ्यांची बेरीज चाकावर दिसते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाक हाताने पुढे-मागे हलवलं की थोडं मोकळं फिरतं, ते पाहून डिफरन्शियल काढायला धावू नका. विचारायचं ते हे, की बेरजेत कुणाचा वाटा प्रमाणाबाहेर गेलाय.

प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसच्या दोन्ही बाजूंवर एकेक बोट ठेवा : एक बाजू हलते आणि दुसरी मागून येते, असं दिसलं तर क्रॉस गेला. गावाकडे जीप चालवलेल्यांना हे सांगायला नको. सुकलेला क्रॉस आणखी एक चाहूल देतो, गाडी हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव, वेगाबरोबर लय वाढत जाणारी. क्रॉस ठीक असेल आणि पिनियनचं तोंड शाफ्टबरोबर वर-खाली हलत असेल, तर पिनियनचं बेअरिंग. तो खर्चाचा मामला.

आता भोई. टॉमी (उचकायची लांब सळई) घेऊन डिफरन्शियलच्या हाताच्या टोकाशी, बुशाजवळ हलकेच उचका. थोडं दबणं रास्त, पण रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, भेग आरपार गेलेली दिसली, तर तोच चोर. रस्त्यावर याची खूण म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना पाय दाब-सोड करा आणि तळहात गिअरच्या दांड्यावर अलगद ठेवा. दांडा प्रत्येक वेळी पुढे-मागे किंवा वर-खाली डुलत असेल तर पालखीचा एक तरी भोई थकलाय. इंजिनची माउंटिंग आणि डिफरन्शियलचे बुश दोन्ही तपासा, वय दोघांचं सारखंच.

आणि मग फ्रेमचे बोल्ट. हे मी शेवटी लिहितोय, पण तुम्ही पहिल्यांदा बघा. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी ही फ्रेम सोडावीच लागते. माझ्या गाडीचा क्लच एका गॅरेजात झाला, आणि तिथून महिनाभरात खटका सुरू झाला. त्यांनी डिफरन्शियल संपलंय असं सांगितलं. गाडीखाली गेलो तर मागच्या बाजूचा एक बोल्ट बोटाने फिरत होता. आटे शाबूत होते हे नशीब.

फ्रेमचे बोल्ट नुसते आवळून भागत नाही. ती कोणत्या उंचीवर बसली यावर प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन ठरतात, आणि ते कोन एकमेकांना जुळले नाहीत तर खटका जातो पण ताशी नव्वदला गुंजारव येतो. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये या जुळवणीचं माप दिलेलं असतं. जॅकने गिअरबॉक्सचं शेपूट हलकेच उचलून माप जुळवायचं आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायचं. फ्रेमला चिकटून वायरिंगही जातं, त्याच्या क्लिपा सुटल्यात का तेही जाता जाता पाहा.

सुटताना एकच 'टक्'

रिव्हर्समधून पहिल्यात टाकून गाडी सुटताना मागच्या एका चाकातून एकदाच 'टक्'. पुन्हा दिशा बदलली की पुन्हा 'टक्'. बहुतेकजण सीव्ही जॉइंट म्हणतात. असेलही, पण मागच्या सीव्ही जॉइंटना स्टिअरिंगसारखं वळावं लागत नाही, ते पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीतल्यांपेक्षा खूप टिकतात, बूट (ग्रीस आत ठेवणारं रबरी आवरण) शाबूत असेल तर विशेषच. बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर मात्र जॉइंट उघडाच.

बूट चांगला असेल तर हबचा मोठा नट बघा. हाफशाफ्टचा खांदा आणि हब यांच्यात नट पुरेसा दाब ठेवत नसेल, तर प्रत्येक वेळी जोर आला की ते किंचित सरकतात आणि 'टक्' होतो. पहिल्या पिढीच्या मागच्या नटाला २१६ ते २९४ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क लागतो, आणि तो नेहमीच्या छोट्या टॉर्क रेंचच्या आवाक्याबाहेर असतो. 'पायाने दाबलं, घट्ट झालं' हे इथे चालत नाही. चाकं जमिनीवर, कुणीतरी ब्रेक दाबून धरलेला, मग नट सोडवा. शाफ्टच्या खाचांवरचा गंज साफ करा, टेकणाऱ्या पृष्ठभागावर पातळ ग्रीस लावा, नवा नट आवळा आणि त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवा. जुना ठोकलेला नट पुन्हा वापरायचा नाही. दोन-तीन डॉलर वाचवायची ही जागा नव्हे.

घरघर : टायर की बेअरिंग

रस्त्यावरच्या चौथ्या प्रश्नाने बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो. तरी तळहात टायरच्या नक्षीवरून पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकांचा टो, म्हणजे सरळ पुढे बघण्याचा कोन, बिघडलाय आणि टायर गातोय. बाजूवरचा चार अंकी आकडाही वाचा : २३१४ म्हणजे २०१४चा २३वा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, नक्षी दिसायला नवी आणि रबर मात्र लाकडासारखं. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून त्याच रस्त्यावर जा. आवाजाने जागा बदलली तर प्रश्न मिटला.

बेअरिंगच असेल तर एक सावधगिरी. मागचं बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबून बसवलेलं असतं, प्रेसशिवाय निघत नाही. हब ओढून काढताना बेअरिंगची आतली रिंग बऱ्याचदा हबलाच चिकटून राहते, ती घासून-चिरून काढावी लागते. हाउसिंग सुटं करताना खालच्या हातातला लांब बोल्ट गंजून आतल्या नळीला चिकटलेला असतो. मिशिगनात तर तो निघाला की पेढे वाटावेत. आठवडाभर आधीपासून रोज भेदक तेल मारा, हातोड्याने आटे चेपू नका, आणि नवा बोल्ट आधीच मागवून ठेवा.

डिफरन्शियलची शिट्टी

भाराबरोबर बदलणारा, ६०० हर्ट्झजवळचा सूर पक्का झाला, तर आधी तेल. नियम एकच : भरायचं बूच आधी सोडवा, मग निचऱ्याचं. भरायचं बूच गंजून बसलेलं असेल आणि तुम्ही तेल आधीच काढून टाकलेलं असेल तर गाडी तिथेच. १.६च्या डिफरन्शियलला सुमारे ०.६५ लिटर, १.८च्याला सुमारे एक लिटर लागतं, ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ या दर्जाचं. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत, गाडी सपाट असताना.

जुनं तेल स्वच्छ थाळीत घ्या. करडा, लोण्यासारखा मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज. चमचमणारी पापुद्र्यासारखी कणी, नखाला टोचणारी, म्हणजे दाते किंवा बेअरिंग सुटायला लागलंय. पापुद्रे नसतील आणि शिट्टी फक्त पाय सोडल्यावर येत असेल, तर माझं मत विचाराल तर तेल बदला आणि रेडिओ लावा. पिनियनच्या दातांची नव्याने जुळवणी घरी करायचं काम नाही, आणि १.६चं ते सहा इंची डिफरन्शियल दुरुस्त करण्याऐवजी बरेच लोक नंतरच्या गाडीचं सात इंची जोडतात. ते करताना हाफशाफ्टसकट सगळा संच जुळवावा लागतो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

उरलेली किरकिर

शॉकअपच्या वरच्या टोकाचा रबरी वॉशर चुरला की खड्ड्यात 'टकटक' येते. डिकीतलं कार्पेट बाजूला करून शॉकअपच्या टोकावर बोट ठेवा आणि कुणाला तरी गाडी दाबायला सांगा. खडखड मोठ्या खड्ड्यातच आणि थेट मणक्यात येत असेल तर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं ते बम्प स्टॉप पाहा, ते फोमचे असतात आणि वयाने भुगा होतात.

अँटी-रोल बारवर संशय असेल तर दोन्ही लिंक सोडून बार तारेने बांधा आणि गल्लीत हळू एक फेरी मारा. शांतता झाली की संशय पक्का. पण तशीच गाडी हायवेला नेऊ नका.

करकर, म्हाताऱ्या खाटेसारखी, बुशांची असते. साबणाच्या पाण्याची बाटली घ्या, एका वेळी एकाच बुशावर फवारा, गाडी दाबा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर सूर बदलला तो सापडला. नवा रबरी बुश बसवलात तर बोल्ट अंतिम आवळायचा तो चाकांवर गाडीचा भार असताना. हवेत लोंबकळत्या स्थितीत आवळलात तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच लेख काढून बसाल.

काहीही उघडलं असेल तर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, चाकाचे नटसुद्धा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तेच पाच प्रश्न पुन्हा विचारा आणि नवी नोंद जुन्या पावतीशेजारी ठेवा. माझ्या गाडीत आता नव्वदला पाय सोडला की पांढरी दोन अजून लागते, बारीक. बाबांना फोनवरून ऐकवली. "हां, क्राउन," म्हणाले, आणि पावसाची चौकशी करायला लागले.